आई एकटी कुठवर जाईल?

पुण्यात भाड्याचं घर बघायला निघालं की एजंट दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच विचारतो, "गाड्या किती?" आमचं उत्तर होतं, एकही नाही. चारचाकी विकून झाली होती, नवऱ्याची स्कूटर भाच्याकडे गेली होती. हे कळल्यावर आम्हाला दाखवली जाणारी घरंच बदलायची. पार्किंग नाही म्हणून भाडं कमी असलेली, बिनलिफ्टची, आतल्या बाजूची. गाडी नाही म्हणजे ऐपत नाही, असा सरळ हिशेब. आम्हाला मात्र गाडीवाचून नीट जगता येईल अशी वस्ती हवी होती, आणि ती कुठे आहे हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं, पण ती पाच मिनिटं दुचाकीवरची असतात.

गाडी सोडायचं ठरवलं ते आईमुळे. वडील गेल्यावर ती वाईहून आमच्याकडे राहायला आली. वाईत तिचा दिवस पायांवर चालायचा. सकाळी ढोल्या गणपतीचं दर्शन, मग मंडई, दळण टाकायला गिरणी, संध्याकाळी वाचनालय आणि घाटावर मैत्रिणी. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. आम्ही तेव्हा बायपासजवळच्या एका मोठ्या संकुलात राहत होतो. लिफ्ट होती, बाग होती, ज्येष्ठांसाठी बाकं होती. फाटकाबाहेर मात्र सर्व्हिस रोड आणि त्यापलीकडे अखंड धावणारी वाहनं. भाजी घ्यायची तर रस्ता ओलांडायचा, आणि तो रस्ता ओलांडायची हिंमत मलाही होत नसे. दूध, औषधं, किराणा सगळं मोबाईलवरून दारात येत होतं. त्यामुळे तिला बाहेर पडायचं कारणच उरलं नाही. काही महिन्यांत तिच्या तोंडी एक वाक्य बसलं, "तुम्हाला वेळ असेल तेव्हा जाऊ." वाईत तिने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

मुलीचंही तेच. सहावीतली मुलगी, शाळा बसने, आणि पोहणं, तबला, मैत्रिणीचा वाढदिवस, सगळीकडे आमच्या गाडीतून. चार माणसांच्या घरात दोन माणसं चालकाशिवाय उंबरा ओलांडू शकत नव्हती, आणि चालक बहुतेक वेळा मी असायचे. गाडीमुळे सोय होते असं आपण म्हणतो, पण घरातल्या कुणाची होते हे बघत नाही. म्हणून घर शोधताना आम्ही एकच प्रश्न हातात धरला: इथून आई एकटी कुठवर जाईल, आणि लेक एकटी कुठवर जाईल?

या प्रश्नाने शहराचा नकाशा वेगळाच दिसायला लागतो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वस्ती ज्या वाहनाच्या काळात वसली, त्याचं माप तिच्या अंगावर राहून जातं. पेशवाईत वसलेल्या पेठा चालणाऱ्या माणसाच्या मापाच्या आहेत. देऊळ, तालीम, वाणी, गिरणी, वैद्य, सगळं हाकेच्या अंतरावर, कारण लांब असून चाललंच नसतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नदीपलीकडे डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, एरंडवणे हा भाग वाढला तो सायकलच्या मापाने. शांत गल्ल्या, झाडं, दुकानं जरा लांब पण सायकलच्या टप्प्यात. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली घरं वाहून गेली, आणि सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहतींत माणसं पांगली. तिथून पुढे कोथरूड वाढलं ते स्कूटरच्या जोरावर. आणि बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडी या भागांतली मोठी संकुलं उभी राहिली तेव्हा घरटी चारचाकी गृहीतच धरली गेली. तिथली इमारत कितीही देखणी असो, फाटकाबाहेरचं अंतर चाकांच्या हिशेबाने आखलेलं आहे.

म्हणून घर बघायला जाताना मी आधी विचारायचे, ही वस्ती केव्हा वसली? या एका उत्तरातून बाकीचं बरंच कळायचं.

सुरुवात आम्ही पेठांपासून केली. सदाशिव आणि नारायण पेठेत आई अशी रमली की मला तिथेच राहावंसं वाटलं. अप्पा बळवंत चौकात लेकीची वह्या-पुस्तकं, तुळशीबागेत घरातलं सगळं सटरफटर, महात्मा फुले मंडईत भाजी, टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिर, सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर. बोळ इतके अरुंद की मोटार आत शिरली तरी तिला माणसाच्या वेगाने चालावं लागतं. एका संध्याकाळी नारायण पेठेतल्या एका बोळात आम्ही घर बघून उतरलो तेव्हा आई कुणाशी तरी बोलत उभी होती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तिला लोणच्याच्या कैऱ्या कुठे मिळतात ते सांगितलं होतं, भजनी मंडळाचा वार सांगितला होता, आणि वर "राहायला आलात तर या" असंही म्हटलं होतं. दहा मिनिटांत तिची एक ओळख झाली. संकुलात वर्षभरात जेवढ्या झाल्या, त्या सगळ्या लिफ्टमध्ये 'कितवा मजला' विचारण्यापुरत्या होत्या.

पण ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. पेठांत हीच मोठी अडचण. जुन्या इमारतींत जिने उंच, नव्या झालेल्या इमारतींत लिफ्ट असते पण भाडं परवडत नाही. शिवाय मोठ्या रस्त्यांवर फुटपाथ म्हणावा तर दुकानांच्या पायऱ्या आणि लावलेल्या दुचाक्या. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला महापालिका 'पादचारी दिन' साजरा करते, २०२१ पासून. त्या दिवशी रस्ता वाहनांसाठी बंद असतो आणि लोक मधोमध चालतात. मी लेकीला घेऊन एकदा गेले होते. लहान मुलं रस्त्यावर खडूने चित्रं काढत होती, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती, आणि दुकानांत गर्दी होती. वर्षातल्या एका दिवशी जे जमतं ते निदान दर रविवारी का जमू नये, हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे.

पेठेत राहणाऱ्याला नदी ओलांडायची असते, तेव्हा पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. मग चालणाऱ्याला लकडी पूल किंवा झेड ब्रिज. मोटारवाल्याला हा पाच मिनिटांचा वळसा, पण पिशवी घेऊन चालणाऱ्या सत्तरीच्या बाईसाठी ती दुपारची मोहीम होते. घर उन्हाळ्यात बघितलं तर हे ध्यानात येत नाही. म्हणून जमलं तर घर पावसात बघावं. पाणी कुठे तुंबतं, रिक्षावाला कुठे यायला नाही म्हणतो, बसथांब्याला छप्पर आहे की नुसता खांब, हे सगळं एका जुलैच्या संध्याकाळी समजतं.

कोथरूडला आम्ही बरेचदा गेलो. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनीच्या आतल्या गल्ल्या चालायला खरोखर छान. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, भाजी, दवाखाने, शाळा सगळं आहे, आणि वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी ही मेट्रो स्थानकं आहेत. तिथे दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे चढ. मोबाईलवरच्या नकाशात सगळं सपाट दिसतं. टेकडीच्या बाजूच्या सोसायट्यांत घर छान हवेशीर, पण रिकाम्या हाताने चढताना आईला मध्ये थांबावं लागत होतं, मग भाजी घेऊन काय होणार? दुसरं म्हणजे पौड रस्ता. घर एका बाजूला आणि स्थानक दुसऱ्या बाजूला असेल, तर नकाशावरचे तीनशे मीटर म्हणजे सिग्नलची वाट, दुभाजकाच्या फटीत उभं राहणं आणि हात दाखवत पळणं. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असं धरतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो वेग झेपत नाही. आईसाठी दिवा हिरवा होतो आणि ती रस्त्याच्या मध्यावर असतानाच लाल होतो.

फुटपाथबद्दल इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आईबरोबर चालेपर्यंत मीही त्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. एका चांगल्या, झाडांच्या रस्त्यावर आम्ही चाललो होतो. फुटपाथ नवा, फरशा सुरेख. तरी आई दर थोड्या वेळाने खाली उतरून रस्त्याच्या कडेने चालायची. मी दोनदा तिला वर ओढलं. मग तिच्या पायांकडे बघत चालले. प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी मोटार आत जावी म्हणून फुटपाथ तोडून खाली आणलेला होता आणि फाटक संपलं की पुन्हा वर चढवलेला. दर वेळी ती थांबायची, पिशवी डाव्या हातात घ्यायची, उजव्या हाताने झाड, खांब, जे मिळेल ते धरायची, आधी उजवा पाय टेकवायची, मग डावा त्याच्याशेजारी आणायची. पुढे वीस पावलं झाली की पुन्हा तेच. म्हातारी माणसं फुटपाथ सोडून रस्त्यावरून का चालतात याचं उत्तर मला तिथे मिळालं. रस्ता निदान सपाट असतो. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा असावी. शहरात मी त्यानंतर टेप घेऊन फिरले नाही, पण दर फुटपाथपाशी माझी नजर आता आपोआप त्या पायरीवर जाते.

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. "मग त्या फाटकांचं बघा म्हणावं," ती म्हणाली.

बस आणि मेट्रोशिवाय गाडी सोडणं अर्धवट राहिलं असतं. मेट्रो ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज अशी छोटीशी सुरू झाली तेव्हा लोक हौसेने बसून यायचे. टप्प्याटप्प्याने ती रामवाडीपर्यंत गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यावर मंडई आणि कसबा पेठ थेट जोडल्या गेल्या. तिकीट १० रुपयांपासून ३५ रुपयांपर्यंत. दर स्थानकात लिफ्ट आहे, ही माझ्या घरासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. पण मेट्रो म्हणजे दोन रेषा, आणि शहर त्या रेषांच्या बाहेर चहूकडे पसरलेलं आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आल्यावर तर फारच. त्यामुळे बसला पर्याय नाही. वस्ती निवडताना मी स्थानकापेक्षा बसथांब्यावर जास्त वेळ घालवला. एका जागी उभं राहून किती मार्गांच्या बस जातात, संध्याकाळी त्यात पाय ठेवायला जागा असते का, पायरी किती उंच आहे, हे बघत. ज्या थांब्यावर अनेक मार्ग एकत्र येतात तिथे एक बस चुकली तरी दुसरी मिळते. एकाच मार्गावर अवलंबून असलेल्या वस्तीत बस चुकली की दिवसच चुकतो.

हे सगळं मला एजंटपेक्षा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी जास्त शिकवलं. त्या रोज दोन बस बदलून येत. कुठल्या थांब्यावर सावली आहे, कुठली बस नावाला आहे पण येत नाही, रात्री कुठल्या रस्त्यावर दिवे असतात, कुठल्या चौकात बाईमाणसाने उतरू नये, हे त्यांना पाठ होतं. या शहरात लाखो माणसं गाडीवाचूनच राहतात, कारण त्यांना गाडी परवडत नाही, आणि नेमकी तीच माणसं स्वस्त घरासाठी बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पलीकडे ढकलली जातात. आम्ही गाडी विकून बसथांब्याजवळ घर घेऊ शकलो, यात आमचं शहाणपण थोडं आणि ऐपत जास्त. मावशींना तोच थांबा जवळ असायला हवा होता, आणि त्यांना तिथे एक खोलीही परवडत नाही. ही गोष्ट मला खुपते, आणि चालत्या शहराबद्दल बोलणाऱ्या कुणालाही ती खुपायला हवी.

शेवटी आम्ही एरंडवण्यात आलो. नळ स्टॉपपासून आत, जुन्या सोसायटीत दुसरा मजला, लिफ्ट नंतर बसवलेली, छोटी पण चालू. घर आधीच्यापेक्षा बरंच लहान. दिवाणखान्यात दोन पलंग आणि पुस्तकांची कपाटं हलवत हलवत बसवली. भाडं जास्त. पण गाडीचा हप्ता, पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, दर पावसाळ्यानंतरचा खर्च हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा फरक जवळजवळ भरून निघाला. उरलेल्या पैशात आम्ही मोकळ्या मनाने रिक्षा करतो. दवाखाना, रात्रीचा प्रवास, भर पाऊस, सामान, यांसाठी रिक्षा हवीच. गाडी सोडली म्हणजे पायपीटच करायची असं कुणी मनात धरू नये.

सायकलच्या काळातली ही वस्ती असल्याने गल्ल्या सपाट आहेत. लेक शाळेत चालत जाते, येताना मैत्रिणींबरोबर कुठे तरी रेंगाळते आणि तासाभराने उगवते. पहिल्या काही दिवशी मी गॅलरीत उभी राहायचे. आता राहत नाही. आई सकाळी भाजी आणते. कमला नेहरू पार्कात तिचा एक गट जमला आहे, त्यातल्या दोघी मूळच्या साताऱ्याकडच्या निघाल्या. नारायण पेठेतल्या त्या आजींच्या भजनी मंडळातही ती जाते, बसने, एकटी. पहिल्यांदा गेली तेव्हा मी गुपचूप मागून जायचा विचार केला होता. नवऱ्याने थांबवलं, ते बरं झालं. ती परत आली ती प्रसादाचा पेढा आणि एका बाईने दिलेली मेथीची जुडी घेऊन, आणि जेवताना कुणाचा आवाज चांगला आहे, कोण पेटी वाजवतं, हे आम्हा तिघांना सविस्तर सांगत होती. "वेळ असेल तेव्हा" हे वाक्य मी तिच्याकडून कितीतरी दिवसांत ऐकलेलं नाही.

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. कर्वे रस्ता ओलांडणं अजून अवघड आहे. नळ स्टॉपला मेट्रोखाली उड्डाणपूल आहे, त्याच्या उतारावरून वाहनं वेगात येतात आणि खाली खांबांच्या आडोशाने चालणारा माणूस त्यांना दिसत नाही. आई स्थानकाच्या जिन्याने पलीकडे जाते, म्हणजे लिफ्टने वर, पूल ओलांडून पलीकडच्या लिफ्टने खाली. लिफ्ट बंद असली की त्या दिवशी पलीकडची बाजू तिच्यासाठी नसते. संध्याकाळी आमच्या गल्लीतही दोन्ही बाजूंना मोटारी लागतात आणि मधून चालायचं म्हणजे अंग चोरून. सोसायटीत आमची पार्किंगची जागा रिकामी असते. शेजाऱ्यांची दुसरी मोटार तिथे लावू द्यावी का यावर घरात बरीच चर्चा झाली. आईने तिथे कुंड्या ठेवल्या आहेत, आणि सोसायटीतली मुलं उरलेल्या जागेत बॅडमिंटन खेळतात, त्यामुळे तो विषय मागे पडला.

सध्या आमच्या गल्लीतले काही जण मिळून एक अर्ज तयार करतोय. कर्वे रस्त्यावरच्या आमच्या चौकात पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याचा वेळ वाढवावा, दुभाजकात थांबायला पुरेशी रुंद जागा करावी, आणि झेब्रा पट्टे पुन्हा रंगवावेत, एवढीच मागणी. सह्या गोळा करायचं काम आईने आणि तिच्या पार्कातल्या गटाने अंगावर घेतलंय. त्या फक्त चालणाऱ्यांच्या सह्या घेत नाहीत. स्कूटरवाल्यांच्या, रिक्षाथांब्यावरच्या चालकांच्या, भाजीवाल्यांच्या, सोसायटीच्या वॉचमनच्या, आमच्याकडे येणाऱ्या मावशींच्याही घेतल्या. पुढच्या सोमवारी अर्ज द्यायचा आहे आणि त्याची पोच घ्यायची आहे. त्या दिवशी मला सुट्टी नाही, लेकीची परीक्षा आहे, म्हणून आई आणि तिच्या दोघी मैत्रिणी जाणार आहेत. कुठल्या बसने जायचं ते त्यांनी ठरवलंय.